मोटरहोम चालत असताना मांजर मोकळं? अजिबात नको!

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम, भाड्याने घ्यायचे बेत सुरू झाले, की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'मोटरहोम म्हणजे चालतंफिरतं घर. मांजराला पिंजऱ्यात कोंडून छळू नका, मोकळं राहू द्या. फारच ओरडलं तर आपलीच झोपेची अर्धी गोळी द्या. बाहेर भटकायला गेलात तर छतावरची खिडकी उघडी ठेवा, आत उकडत नाही. आणि पळालंच तरी घाबरू नका, फ्लोरिडातलं एक मांजर 200 मैल चालत घरी आलं होतं.' लोक हे प्रेमापोटीच पुढे पाठवतात. पण यातला प्रत्येक सल्ला मांजराच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून सगळ्याच मुद्द्यांना उत्तर देते.

आधी ते 'घर'. मोटरहोम उभी आहे तोवर ते घर, हे मान्य. किल्ली फिरवली की ती गाडी. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर आदळली, तर आत मोकळं बसलेलं मांजर त्याच वेगाने पुढे फेकलं जातं. हा वेग म्हणजे साधारण 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर येणारा वेग. ताशी 100 ला हीच उंची 40 मीटरच्या घरात जाते. यावर 'मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवरच उतरतं' हे उत्तर ठरलेलं असतं. 1987 साली न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यातली 90 टक्के वाचली, हेही ऐकवलं जातं. ही मांजरं दवाखान्यात आणलेली होती. जी जागीच गेली त्यांना कोण दवाखान्यात नेणार? शिवाय हवेत अंग वळवायची ती कसब खाली पडताना कामी येते, डॅशबोर्डवर आडवं आपटताना नाही. अपघात नाही झाला तरी घाबरलेलं मांजर अंधारी, अरुंद जागा शोधतं, आणि ब्रेकच्या पेडलखाली तशी जागा असते.

मोटरहोमचा खास धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. तो म्हणजे स्लाइड. कॅम्पग्राउंडवर पोचलं की बटण दाबून बैठकीचा किंवा पलंगाचा अख्खा भाग बाहेर सरकवतात, निघताना आत घेतात. बाहेर सरकलेल्या स्लाइडच्या कडेला आणि तळाशी फटी राहतात. आमची मनी नव्या जागी पोचली की पहिल्यांदा तिथेच जाते: आधी मिशा, मग एक पंजा, मग खांद्यापर्यंत आत. जिथे डोकं शिरतं तिथे बाकीचं मांजर सहसा शिरतंच. निघायच्या घाईत कोणी बटण दाबलं, तर शेकडो किलोचा तो भाग आत कोण आहे याचा विचार करत नाही. 'असेल वर झोपलेली' हे चालणार नाही. कॅरिअरचं, म्हणजे मांजराच्या प्रवासी पिंजऱ्याचं, दार लागलेलं आणि आतलं मांजर डोळ्यांनी बघितलेलं, तेव्हाच बटणाला हात.

कॅरिअर म्हणजे छळ, हे कधी खरं होतं? तो फक्त डॉक्टरकडे नेतानाच माळ्यावरून खाली येत असेल तर. निघण्याआधी काही आठवडे तो घरात उघडा ठेवा, आत तिचं रोजचं पांघरूण घाला, खाणं तिथेच द्या. ती आपणहून त्यात झोपायला लागते. विकत घेताना 'सेंटर फॉर पेट सेफ्टी' या अमेरिकी संस्थेच्या क्रॅश चाचणीत उतरलेला घ्या, कारण नुसता मजबूत दिसणारा कॅरिअर धक्क्यात उघडू शकतो. तो जागेवर पक्का बसवा. मोठ्या टप्प्यांना मधे गाडी उभी करून, दारं लावून, तिला पाय मोकळे करू द्या.

गोळीच्या बाबतीत मी जराही नमतं घेणार नाही. अमेरिकेत दुकानात सहज मिळणाऱ्या 'पीएम' नावाच्या अनेक झोपेच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही; रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. भीतीवर खरी औषधं आहेत. प्रवासात मांजरांना वाटणाऱ्या भीतीसाठी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर 2023 मध्ये प्रीगॅबालिनचं द्रावण मंजूर केलं. गॅबापेंटिन तर पशुवैद्य कितीतरी आधीपासून देत आलेत. मात्रा डॉक्टरच ठरवतील, आणि पहिला डोस निघायच्या सकाळी नको, आधी घरीच देऊन बघा.

उघडी खिडकी. 2005 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात बंद गाड्यांच्या तापमानाचे प्रयोग आले. बाहेर जेमतेम 22 अंश असतानाही आतला पारा तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढला, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काचा दीड इंच खाली ठेवून काही फरक पडला नाही. त्या साध्या मोटारी होत्या, पण उन्हात उभी असलेली मोटरहोमही तापतेच. एसी लावून गेलात तरी कॅम्पग्राउंडच्या विजेचा ब्रेकर पडू शकतो. सिमकार्डवर चालणारा, तापमान चढलं की फोनवर कळवणारा मॉनिटर लावा आणि लगेच परतता येईल इतकंच लांब जा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता ते 200 मैलवालं मांजर. गोष्ट खरी आहे. तिचं नाव हॉली. नोव्हेंबर 2012 मध्ये डेटोना बीचला आरव्हीवाल्यांच्या मेळाव्यात, मोटरहोमचं दार उघडलं आणि ती पळाली. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी ती वेस्ट पाम बीचला, घरापासून सुमारे मैलभरावर सापडली. मेसेज इथेच थांबतो. तिला धड उभं राहता येत नव्हतं, वजन जवळपास निम्म्यावर आलं होतं, पंजे रक्ताळले होते. ती कोणाची हे कळलं ते कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपमुळे. आणि तिला परतायला एका जागी उभं असलेलं घर तरी होतं. काल सॅव्हाना, उद्या ॲशव्हिल असा प्रवास करणाऱ्या घराकडे मांजराने परतायचं कसं? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हरवलेल्या 1,210 मांजरांच्या अभ्यासात वर्षभरात 61 टक्केच सापडली.

म्हणून निघण्याआधी चिप बसवा आणि तिच्या नोंदणीतला फोन नंबर आजचा आहे ना ते तपासा. भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: दार उघडण्याआधी मांजर कुठे आहे ते बघायचं. हॉलीच्या वेळी दार उघडलं होतं ते घरातल्या आजींनीच, आणि त्यात त्यांचा काय दोष? सवयीने आपण कोणीही तेच करतो.

तरी पळालीच, तर मोटरहोम हलवू नका, तीच जागा आणखी काही रात्रींसाठी मागून घ्या. त्याच अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं 500 मीटरच्या आतच होती. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च घेऊन गाड्यांखाली, पायऱ्यांमागे, झुडपांत बघा; डोळे चमकतात. आणि सकाळी निघणाऱ्या शेजाऱ्यांना आदल्या रात्रीच गाठून गाडीखाली आणि सामानाच्या कप्प्यांत बघायला सांगा. लपलेलं मांजर त्यांच्याबरोबर पुढच्या राज्यात गेलं, तर मग 500 मीटरचा काही उपयोग नाही.