मालकाचं उत्तर: आकडा फुगवलेला नाही

नमस्कार सर. इव्हेंटच्या दिवशी तुमचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "डायनोवर ९४ बीएचपी दाखवले, महाबळेश्वरला ८० पण वाटले नाहीत, घाटात काळा धूर. आकडा फुगवून पैसे घेतात." गाडी उशिरा दिली, फोन उचलला नाही, असं काही लिहिलं असतंत तर मुकाट्याने ऐकलं असतं. आकडा फुगवला म्हणणं मात्र आमच्या पोटावर येतं.

महाबळेश्वरला डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं मशीन) नव्हता, तरी तुमचा ८० बीएचपीचा (बीएचपी म्हणजे त्या ताकदीचं माप) अंदाज जवळजवळ बरोबर आहे! महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर. आमच्याकडे कुर्ल्यात हवेचा दाब १,०१० मिलिबारच्या आसपास, तिथे ८६० च्या. म्हणजे सिलिंडरमध्ये हवाच १५ टक्के कमी जाते. ९४ मधून १५ टक्के वजा करून बघा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असता तर त्याने जास्त फिरून बरीचशी भरपाई केली असती. मेक्सिको सिटीचा फॉर्म्युला वन ट्रॅक २,२०० मीटरच्याही वर आहे, तिथे तर टर्बोवाल्यांनाही घाम फुटतो. तुमच्या गाडीला टर्बो नाही, त्यात कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या मानाने कमी सोडत नाही, मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, प्लग काळे पडतात. धूर त्याचाच. लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) टाकला असता तर धूर गेला असता, पिकअपही थोडा सुधारला असता. पण ते १५ टक्के कुठलाही मेकॅनिक परत आणून देणार नाही.

कुठे पळवणार, हे डिलिव्हरीच्या वेळी विचारलं होतं. तुम्ही फोनवर होतात, हातानेच "इथेच" अशी खूण केलीत.

डायनोच्या शीटवर त्या वेळचं तापमान, दाब, दमटपणा सगळं छापलेलं आहे आणि आकडा त्यानुसार करेक्शन करूनच, म्हणजे ठरावीक प्रमाण हवामानाला जुळवूनच, दिलाय. मे महिन्यातल्या मुंबईच्या दुपारी हवेत ३-४ टक्के नुसती वाफ असते, ती ऑक्सिजनची जागा खाते. तेही त्यात धरलंय. शीट तुमच्याच ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, कृपया बघा.

यापुढे घाटात जाणाऱ्यांसाठी काहीतरी वेगळी सोय करू, बोर्डही लावू. शनिवार सोडून कधीही गाडी घेऊन या. जेट बदलायची मजुरी घेणार नाही, जेटचे पैसे तेवढे पडतील.