राउंड मारणारे हेडसर आणि शंभर टक्के निकाल: ‘जुने हेडमास्तर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीवरच्या माझ्या लेखाखाली ‘जुने हेडमास्तर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: “एसी खोलीत बसून लेख लिहिणं सोपं असतं, बाई. मुख्याध्यापक कडक असला आणि दिवसातून दोन राउंड मारले की निकाल आपोआप लागतो. सहभागी नेतृत्व वगैरे परदेशी थेरं आपल्याकडे चालत नाहीत. रिक्त पदं आणि ऑनलाइन माहिती यांत मुख्याध्यापक पिचून गेलाय, त्यावर तुमचा एक शब्द नाही. कधी शाळा चालवली आहे का?”

सर, मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘थेरं’ हा शब्द आपण शाळेच्या सूचनावहीत कधी लिहिला असतात का? सभेत एखाद्या तरुण शिक्षिकेने वेगळी सूचना मांडली, तर ‘आधी शाळा चालवून दाखवा’ असं तिला सगळ्यांसमोर सुनावलं असतंत का? प्रतिक्रियेचा सूर बघता सुनावलं असतंत, असं वाटतं. ती शिक्षिका पुढच्या सभेत काही बोलेल का, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता.

शाळा चालवली आहे का? चालवली आहे. पुण्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत आधी शिक्षिका, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका. सेवाज्येष्ठतेच्या यादीनेच, म्हणजे बहुधा आपण ज्या दारातून आत गेलात त्याच दारातून. संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, तक्ते मी भरले आहेत, शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतली पगारबिलं पाठवली आहेत, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब जुळवला आहे. एसी नव्हता. पंखा होता, आणि तो दहावीच्या वर्गाला दिला होता.

मुख्याध्यापक पिचून गेलाय, हे आपलं म्हणणं अर्धं मान्य करते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचं पद धरलं जातं. सहावी ते आठवीला पट १०० च्या वर लागतो. त्याखालच्या शाळेत जो मुख्याध्यापक तोच दोन वर्गांचा गुरुजी. त्याला ‘तुमची नेतृत्वशैली कोणती’ असं विचारणं म्हणजे थट्टा. लेखात हे एका ओळीत आलं होतं, दोन ओळींत यायला हवं होतं. झालं.

आता ते राउंडचं वाक्य. तेच एक वाक्य संपूर्ण प्रतिक्रियेत कामाचं आहे, कारण निम्म्या महाराष्ट्राची हीच श्रद्धा आहे.

राउंड दाराच्या आतल्या बाजूने पाहा. तासिका ३५ मिनिटांची. सातवीच्या वर्गात बाईंनी अपूर्णांकांसाठी चार-चार मुलांचे गट केलेत. साठ मुलं बोलतायत, म्हणजे आवाज असणारच. गॅलरीच्या टोकाला हेडसरांच्या चपला वाजतात. बाई गट मोडतात, मुलांना सरळ बसवतात आणि फळ्यावरचं गणित उतरवून घ्यायला सांगतात. हेडसर दारातून डोकावतात, वर्ग शांत, मान डोलवून पुढे जातात. गटातलं काम परत सुरू करायला पाच-सात मिनिटं जातात, म्हणून बाई ते सुरूच करत नाहीत. असं तीन-चारदा झालं की बाई गट करणंच सोडतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या मजल्यावर प्रश्नोत्तरं उतरवून घेणं हीच अध्यापनपद्धती झालेली असते. तसा आदेश कुणी काढलेला नसतो. शाळेचं वातावरण म्हणतात ते असं तयार होतं, भिंतीवरच्या सुविचाराने नव्हे.

आणि हेडसर गॅलरीतून पुढे गेल्यावर? मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बी.एड.ला आपणही वाचला असेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदगट, त्यांवर वेगवेगळ्या शैलीचे प्रौढ प्रमुख. हुकूमशाही पद्धतीच्या गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम घसरायचं; जिथे मुलांना विचारून काम ठरवलं होतं, तिथे ते बरंचसं चालू राहायचं. आपण परीक्षेपुरतं पाठ केलं असणार, ते ठीक आहे.

राउंडचा मुलांच्या गुणांशी संबंध किती, हे मोजणारं काम त्याहून ताजं आहे. जेसन ग्रिसम, सुझाना लोब आणि बेंजामिन मास्टर या संशोधकांनी अमेरिकेतल्या मायामी परिसरातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांमागे निरीक्षक लावले आणि मुख्याध्यापकाचा दिवस कशात जातो ते नोंदवलं. २०१३ मध्ये ते छापून आलं. अध्यापनाशी संबंधित कामाला सरासरी १२.७ टक्के वेळ. त्यातला सर्वांत मोठा वाटा वर्गांवरून चक्कर मारण्याचा, ५.४ टक्के. शिक्षकाला बसवून त्याच्या पाठावर बोलण्याला ०.५ टक्का. ज्या शाळांत शिक्षकांना असं मार्गदर्शन जास्त मिळालं तिथे मुलांची प्रगती जास्त दिसली. जिथे नुसत्या चकरा जास्त, तिथे ती कमी दिसली, विशेषतः माध्यमिक शाळांत. जिथे चकरांकडे शिक्षक स्वतःच्या शिकण्याचा भाग म्हणून पाहत नव्हते, तिथे हे जास्त ठळक होतं. यातून ‘वर्गात जाऊच नका’ असा अर्थ काढू नये. वर्गात जाऊन काय करायचं, हा प्रश्न आहे.

काय करायचं ते सांगते, म्हणजे ‘लेख हवेत आहे’ हीही तक्रार उरणार नाही. आदल्या दिवशी शिक्षकाला सांगायचं, उद्या तिसऱ्या तासाला येतेय. अचानक धाड नको; धाडीत शिक्षकाची भीती दिसते, अध्यापन दिसत नाही. पाठाचं टाचण आधी मागून घ्यायचं आणि एकच प्रश्न दोघांनी मिळून ठरवायचा: मागच्या दोन बाकांवरची मुलं बोलतात का, किंवा शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतो का. मग पूर्ण तास मागे बसायचं. पहिली दहा मिनिटं बघून उठायचं नाही, कारण हजेरी आणि कालची उजळणी यातच ती जातात. वर्गाचा आराखडा कागदावर काढून जो विद्यार्थी बोलला त्याच्या जागी रेघ मारायची. तास संपेपर्यंत कागद स्वतःच बोलतो: रेघा पहिल्या दोन रांगांत गर्दी करतात. शेवटी पाच वह्या उचलायच्या, हुशार मुलांच्या नव्हे, हजेरीपटावरच्या दर दहाव्या मुलाच्या.

चर्चा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशीच्या ऑफ तासाला, पंधरा-वीस मिनिटं. शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत अजिबात नको. कागद शिक्षकाच्या हातात द्यायचा आणि आधी त्याला बोलू द्यायचं. बदल एकच ठरवायचा, पाच नव्हे. दोन आठवड्यांनी त्याच वर्गात, त्याच प्रश्नासाठी परत जायचं. ही परतफेरी राहिली तर आधीचं सगळं वाया, आणि बहुतेक शाळांत तीच राहते. तीस शिक्षकांच्या शाळेत एकट्या मुख्याध्यापकाला हे झेपत नाही, म्हणून उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि विषयातले जाणते शिक्षक यांच्यात शिक्षक वाटून घ्यायचे. यालाच मी लेखात सहभागी नेतृत्व म्हटलं होतं. आपण ज्याला थेरं म्हणता ते.

आपल्याकडे याच कामासाठी लॉगबुक, म्हणजे पाठनिरीक्षणाची नोंदवही, आहे. त्याचं काय होतं तेही आपल्याला ठाऊक असणार. फेब्रुवारीत तपासणीच्या धास्तीने एका बैठकीत वीस पाठांची निरीक्षणं लिहून होतात: ‘पाठ परिणामकारक झाला. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला.’ तारखा मागच्या, शाई एकच. शिवाय शिक्षकाला माहीत असतं की लॉगबुक भरणारा हात आणि त्याच्या कामाचा गोपनीय अहवाल भरणारा हात एकच आहे. मग तो खरा तास कशाला दाखवेल? तो आधी शिकवून झालेला पाठ पुन्हा शिकवतो, आणि मुलं इमानदारीने हात वर करतात. म्हणून पाठचर्चेचे कागद अहवालाच्या फाइलपासून वेगळे ठेवायचे आणि तसं शिक्षकांना जूनमध्येच सांगायचं.

कडकपणाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते, आणि तिथे ती पटकन दिसत नाही. पायाभूत चाचणी, म्हणजे मुलांना आधीचं किती येतं ते पाहणारी परीक्षा, झाली. ज्या शाळेत कमी गुणांबद्दल शिक्षकाला केबिनमध्ये उभं केलं जातं, तिथे गुण कमी येतच नाहीत. फळ्यावर उत्तरं येतात, नाहीतर तपासणी सैल होते. मुख्याध्यापकाच्या टेबलावर सुंदर तक्ता येतो, त्यात भागाकार न येणारी चारच मुलं असतात. प्रत्यक्षात वर्गात ती वीस असतात. जादा तास चार मुलांसाठी लागतो, उरलेली सोळा वरच्या वर्गात ढकलली जातात आणि नववीत एकदम उघडी पडतात. भीतीच्या शाळेत मुख्याध्यापकालाच सगळ्यांत कमी माहिती मिळते.

हेच नववीचं प्रकरण आपल्या ‘निकाला’पर्यंत येतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणजे शिकणं झालं, असं आपण धरून चाललात. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या हातात असतात, ते बाजूला ठेवू. पण नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘तुम्ही १७ नंबरचा फॉर्म भरा, त्याला झेपणार नाही’ असं गोड आवाजात सांगितलं जातं, ते आपल्याला नवीन नसावं. तो मुलगा खासगी उमेदवार होतो आणि शाळेच्या निकालाच्या टक्केवारीतून बाहेर पडतो. निकाल शंभर टक्के, फ्लेक्स चौकात. माझा साधा सल्ला: कोणत्याही शाळेचा निकाल बघताना परीक्षेला बसलेली मुलं मोजू नका. आठवीच्या जूनमधला पट घ्या, त्यातली किती मुलं त्याच शाळेतून दहावी झाली ते काढा. दाखला काढून गेलेली, १७ नंबरवाली, गळालेली, सगळी हिशोबात येतात. हा आकडा घेतला की कडक शाळांची क्रमवारी बरीच हलते.

‘परदेशी’ या आक्षेपाला फार वेळ देत नाही. आपण बसता ती शाळाच, तासिका, घंटा आणि हजेरीपटासकट, कुठून आली याची चौकशी करा. तरी देशी उदाहरण हवं असेल तर मध्य प्रदेशातलं घ्या. तिथे शाळांचं मूल्यांकन, सुधारणेचे आराखडे आणि तपासणीच्या फेऱ्या असा मोठा कार्यक्रम राबवला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह या अर्थतज्ज्ञांनी तो यादृच्छिक प्रयोगाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या शाळांची इतर शाळांशी तुलना करून, तपासला आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल्यांकनं झाली, आराखडे तयार झाले, मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. वर्गातलं शिकवणंही बदललं नव्हतं. कागद वाढले, एवढंच. तपासणीनेच शाळा सुधारते असं म्हणणाऱ्यांसाठी यापेक्षा देशी पुरावा कुठून आणू?

आणि शिस्तीच्या बाजूनेही बोलते, म्हणजे मी एकांगी आहे असं वाटायला नको. न्यूझीलंडच्या व्हिव्हियान रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. परिणाम प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुणांमध्ये एरवी जेवढी तफावत असते तिच्या, पटीत मोजलेला; आकडा मोठा तेवढा परिणाम मोठा. प्रेरणा आणि दूरदृष्टीवर भर देणाऱ्या नेतृत्वाचा सरासरी परिणाम ०.११, अध्यापनावर भर देणाऱ्या नेतृत्वाचा ०.४२. सुरळीत, सुरक्षित वातावरणाचा ०.२७, म्हणजे शिस्तीला किंमत आहे. पण मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होतो, त्याचा आकडा ०.८४. शिक्षण परिषदेला, म्हणजे परिसरातल्या शिक्षकांच्या चर्चेच्या बैठकीला, शिक्षकांना पाठवून स्वतः कार्यालयात सह्या करत बसणारे मुख्याध्यापक या आकड्याच्या बाहेर आहेत. भाषण चांगलं करणारे मुख्याध्यापकही ०.११ कडे बघून थोडे शांत झाले तर बरं. हा टोमणा आपल्याला नाही, आमच्याच काही मित्रमंडळींना आहे.

रिक्त पदं आणि ऑनलाइन माहिती: आहे अडचण. सगळ्यांनाच आहे. ‘आज चार वाजेपर्यंत’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे तक्ते मीही भरलेत. त्यावर वेगळा लेख होईल तेव्हा होईल. पण दिवसातून दोन राउंडला आपल्याला वेळ मिळत होता ना? दोन राउंड म्हणजे रोजचा जवळजवळ एक तास. त्या तासात आठवड्याला तीन पूर्ण पाठ आणि तीन चर्चा आरामात बसतात. वेळच नाही म्हणणाऱ्याने निदान राउंडचा अभिमान बाळगू नये.

पुन्हा लिहाल तेव्हा एक करून लिहा. आपल्या ओळखीच्या कुठल्याही शाळेत, जिथे राउंड कडक आहे तिथे, राउंडनंतर अर्ध्या तासाने एका वर्गात जा. दर दहाव्या मुलाची वही घ्या आणि त्या तासात उतरवलेल्या मजकुरातलं एक वाक्य त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. किती जणांना आलं, ते इथेच टाका. शाळेचं नाव नको. आपलं स्वतःचं मात्र घातलंत तर बरं होईल. नावानिशी लिहिणारी माणसं ‘थेरं’ हा शब्द सहसा वापरत नाहीत.