तिसरी प्रत

सहायक प्राध्यापक, उपयोजित गणित, जागा एक. सांगलीच्या एका कॉलेजात परवा मुलाखत झाली. आत साहेबांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि 'बरं, कळवतो' म्हणाले. खरी मुलाखत व्हरांड्यात झाली. घेतली शिपाईमामांनी.

"नेट हाय?" म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा.

"आहे. पीएचडीही. ऑप्टिमायझेशनमध्ये."

"म्हंजे काय करता?"

म्हटलं, माणसं आणि कामं दिली की कुणाला कुठं नेमल्यावर खर्च सगळ्यात कमी येईल, ते काढतो. १९५५ मध्ये कून नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं त्याची रीत मांडली. मूळ काम हंगेरीच्या दोघांचं, म्हणून त्यानं तिला हंगेरियन पद्धत म्हटलं.

"सोता केलं आन् नाव दुसऱ्याला दिलं?" मामा हळहळले. "आमच्यातलं गाईड उलटं करत्यात. आन् खर्च कमी कशाला ओ? हितं नेमणुकीत जास्त कुनाचा हुतोय त्ये बगत्यात."

"तेही जमतं. आकड्यांची चिन्हं उलटी करायची, पद्धत तीच."

"मग तुमाला समदं येतंय की! तरी घेत न्हाईत?"

नाही घेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पीएचडी, नेट, शोधनिबंध यांचे गुण फक्त मुलाखतीच्या यादीत येण्यापुरते; निवड निव्वळ मुलाखतीवर. म्हणजे दहा वर्षं घासायची ती गाव आणि आडनाव सांगण्यासाठी. ग्वाल्हेरच्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना रेषीय प्रोग्रॅमिंगची, म्हणजे माझ्याच विषयातल्या एका शाखेची, नवी रीत काढून जग हलवलं. इथं आले असते तर 'पाव्हणं, कुनाकडनं?' या पहिल्याच प्रश्नाला गार झाले असते.

तेवढ्यात चहा आला. उमेदवारांसाठी नव्हे, आतल्यांसाठी. ट्रे ठेवला ते स्टूल एका पायानं डुगडुगत होतं. मामांनी शांतपणे माझी फाईल उचलली, मधे दुमडली आणि त्या पायाखाली सारली. जाहिरातीत तीन प्रती मागितल्या होत्या, स्पायरल बाइंडिंगसह. झेरॉक्सवाल्यानं रंगीत पानांचे वेगळे लावले होते.

"मामा, ती माझी फाईल आहे!"

"तिसरी हाय. आत दोन गेल्यात, त्याबी कुनी उघडल्या न्हाईत."

निकाल लागायचा होता, पण मामांना तो पाठ होता. मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "नाराज हू नका. जूनमदी तासिकेवर या. त्यो नवा सर तुमचा ह्यो ऑप्टि-काय त्यो पेपर शिकवनार न्हाई म्हंतोय."

कायम माणसाला मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू. मी विचारलं, "तासिकेचे पैसे कधी मिळतात?"

"मार्चनंतर. कुठल्या मार्चनंतर, त्ये इचारू नका."