सहा तास बंद

४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडली. कंपनीच्याच नेटवर्कच्या देखभालीत काहीतरी चुकलं आणि जवळपास सहा तास सगळं ठप्प. इकडे दुपार कलली होती, मायदेशात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एका जुन्या मित्राकडे थोडं काम होतं, म्हणून कितीतरी वर्षांनी त्याला साधा फोन लावला.

"काय रे, सगळं ठीक ना?" तो घाबरलाच होता.

ठीक त्याचंच नव्हतं. नोकरी जाऊन चार महिने झाले होते. आणि हाच माणूस ग्रुपवर रोज सकाळी न चुकता विनोद टाकत होता! मी त्यावर हसरे चेहरे पाठवत होतो आणि आपण संपर्कात आहोत अशी स्वतःची समजूत घालत होतो.

घरच्या मंडळींशी समाजमाध्यमांविषयी बोलायला गेलं की वाद ठरलेला. एकजण म्हणतो, या माध्यमांनी माणसं तोडली. दुसरा म्हणतो, त्यांच्याशिवाय धंदा करून दाखव. परदेशात राहणाऱ्याला दोघांचंही पटतं, ही खरी पंचाईत आहे.

कारण त्या मित्राला पुढे नोकरी मिळाली ती लिंक्डइनवरच्या ओळखीतून. सात वर्षं न भेटलेल्या एका सहकाऱ्याने जागा रिकामी असल्याचं कळवलं. आम्ही जिवलग म्हणवणारे नुसते हळहळत बसलो होतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायची? नेहमी भेटणारी, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नवी बातमी लांबून येते. अशा लांबच्या ओळखी धरून ठेवायला समाजमाध्यमांइतकं सोयीचं साधन नाही. परक्या देशात शून्यातून सुरुवात केलेल्या मला तरी ते नाकारता येणार नाही.

धंद्याचं मात्र एक आहे. दुकान आपलं, जमीन दुसऱ्याची. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना वर आणायचं ठरवलं, आणि वर्षानुवर्षं अनुयायी जमवलेल्या व्यावसायिकांना त्याच लोकांपर्यंत पोहोचायला जाहिरातीचे पैसे मोजणं आलं. २०२१ चे ते सहा तास ज्यांची सगळी विक्री तिथेच होती त्यांनी कसे काढले असतील कोण जाणे.

मला जास्त खुपते ती सरमिसळ. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी "कसा आहेस?" विचारतं, मी मनापासून चार ओळी लिहितो, आणि उत्तरादाखल नव्या कोर्सची लिंक येते. त्यात त्याची तरी काय चूक? ग्राहक आणि मित्र एकाच यादीत, एकाखाली एक. म्हणून मी यादीच वेगळी केली. कामाच्या ओळखी लिंक्डइनवर, तिथे बिनधास्त विका. मित्रांना फोन.

त्या मित्राशी आता महिन्यातून एकदा बोलणं होतं. ग्रुपवरचे विनोद त्याने थांबवलेले नाहीत. मी ते वाचत नाही, हे त्याला ठाऊक आहे.