बटणं

"कार्टूनच तर आहे," असं म्हणून मी 'कोरलाइन' लावला आणि गेले तीन आठवडे त्याची फळं भोगतोय.

२००९चा सिनेमा. एका मुलीला भिंतीतल्या छोट्या दारापलीकडे दुसरी आई सापडते. हुबेहूब पहिलीसारखी, फक्त स्वयंपाक जास्त चांगला. (इथे मी हसलो. बायको हसली नाही.) आणि हो, डोळ्यांच्या जागी काळी बटणं. इथेच राहायचं असेल तर तुझ्याही डोळ्यांवर शिवून देते, म्हणते. आमची पाच वर्षांची कन्या एरवी दोन मिनिटं एका जागी टिकत नाही, ती शेवटपर्यंत हलली नाही. मला वाटलं, रमली. थिजली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शर्ट बघताच तिनं घर डोक्यावर घेतलं. शर्टाला सहा बटणं. मी समजूत घातली, "अगं, ते खरं नव्हतं! त्या सगळ्या बाहुल्या होत्या. माणसं बाहुली जरा हलवतात, फोटो काढतात, परत जरा हलवतात..." इतक्या तपशिलातून तिनं नेमका एकच शब्द उचलला. संध्याकाळपर्यंत घरातल्या यच्चयावत बाहुल्या कपाटात कोंडलेल्या होत्या, दाराला बाहेरून खुर्ची लावून.

रात्रीची तपासणी वेगळीच. दीड वाजता माझ्या पापणीवर एक इवलंसं बोट येतं आणि दाबून बघतं. मऊ लागलं की बोटाची मालकीण समाधानानं झोपते. मी छताकडे बघत बसतो.

"यापुढे निवड मी करणार," बायकोनं जाहीर केलं. मग आम्ही दोघं निरुपद्रवी सिनेमा शोधायला बसलो. हरणाच्या पाडसाचा 'बॅम्बी', १९४२चा, जुना आणि सोज्वळ. शिकारी त्याच्या आईला गोळी घालतो. दिसत काही नाही, फक्त आवाज येतो. बाद. माशांचा 'फाइंडिंग निमो'? सुरुवातीलाच आई गेली, सोबत शेकडो अंडी. बाद. या मंडळींचं आयांशी काय वैर आहे कळत नाही. मग मी सशांचा काढला, 'वॉटरशिप डाउन'. १९७८ साली ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळानं त्याला 'सर्वांसाठी' असं प्रमाणपत्र दिलं होतं. त्यात ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. ते प्रमाणपत्र बदलून 'पालकांनी लक्ष द्यावं' व्हायला २०२२ साल उजाडलं. ४४ वर्षं! मंडळातली माणसं सशांचं नाव वाचूनच घरी जात असणार. म्हणजे माझ्यासारखीच.

आणि काल कन्येनंच विषय काढला. "बाबा, तो बटणवाला लाव ना."

"अगं, तुला भीती वाटते ना?"

"हो. म्हणूनच. मी उशीखाली बसते. तू बघ आणि मला सांग."

दिवा तिनं घालवू दिला नाही. उशीखालून दर अर्ध्या मिनिटाला विचारणा येत होती, "आता काय झालं?" मी, "काही नाही, जेवतायत." थोड्या वेळानं परत, "आता?" तोवर ती दुसरी आई उंच, हाडकुळी होत कोळ्यासारखी दिसायला लागली होती आणि तिची बोटं सुयांची झाली होती. मी म्हटलं, "अजून जेवतायत."

उशीचा एक कोपरा उचलला गेला. तिनं पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"मग तू दुसरी उशी का घेतलीस?"