मेंदू नंतर, पाकीट आधी उघडा

उंदराच्या मेंदूतल्या एका सर्किटमागे, म्हणजे चेतापेशींच्या एका जोडणीमागे, गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर तारुण्य घालवलंत, अभिनंदन. सोपं काम संपलं. आता ते छापायचंय, आणि जगात कुणालाही ते फुकट वाचता यावं अशीही तुमची इच्छा आहे. इच्छा चांगली आहे, गोव्याच्या परंपरेला धरूनही आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. तोही खरा निघाला होता ॲबिसिनियाला, पण राहिला इथेच. छपाईच्या बाबतीत आपल्याला आयतं मिळालं ते तेवढंच. पुढचं विकत घ्यायची तयारी ठेवा.

आधी व्यवहार समजून घ्या. पूर्वी संशोधक फुकट लिहायचा, दुसरे संशोधक ते फुकट तपासायचे आणि ग्रंथालय विकत घ्यायचं. हे काही भल्या माणसांना खटकलं. संशोधन इंटरनेटवर सर्वांना खुलं असावं, असा जाहीरनामा त्यांनी २००२ साली बुडापेस्टहून काढला. मोठ्या प्रकाशकांनी तो जरा वेळाने, पण फारच मनावर घेतला. आता संशोधक फुकट लिहितो, दुसरे फुकट तपासतात, वाचक फुकट वाचतो आणि बिल लिहिणाऱ्याकडे येतं. त्या बिलाला एपीसी, म्हणजे 'आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज', म्हणतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावणाऱ्यालाही चार बांगडे मिळतात. इथे दोर ओढायचा तुम्ही आणि समुद्राचं भाडंही तुम्हीच द्यायचं.

नियतकालिक निवडताना विषयात फार डोकं घालू नका, दरपत्रक बघा. 'नेचर न्यूरोसायन्स' आणि त्याच्या भावंडांनी २०२१ साली खुल्या लेखाचा दर ९,५०० युरो लावला. पीएचडीसाठीची तुमची ज्युनिअर फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये. म्हणजे साधारण दोन वर्षं तुम्ही जेवला नाहीत, खोलीचं भाडं दिलं नाहीत आणि स्कूटरमध्ये पेट्रोल घातलं नाहीत, की एक पेपर खुला होतो. पठारावर हवा छान असते, भूक तितकीशी जाणवत नाही.

सूट मागण्याचा मोह होईल. आवरा. अगदी गरीब देशांना बहुतेक प्रकाशक माफी देतात. त्याहून जरा बऱ्या देशांसाठी 'नेचर'च्या प्रकाशकाच्या, स्प्रिंगर नेचरच्या, नियमात सवलत आहे, पण देशाची एकूण अर्थव्यवस्था वीस हजार कोटी डॉलरच्या आत असली तरच. आपली केव्हाच पुढे गेली. तुमच्या खिशात काय आहे हे तिथे कुणी विचारत नाही, देशाच्या खिशात काय आहे ते बघतात. तेव्हा छाती फुगवा आणि भरा.

वाचणाऱ्यांची चिंता करू नका, ती सरकारने केली आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थेत असलात तर ही सारी पंगत तुमच्यासमोर. आता समजा, फोंड्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांच्या बायकोला पार्किन्सन आहे. मेंदूच्या खोल भागात डोपामाइन आटतं, हालचाल सुरू करणारं आणि आवरणारं सर्किट बिघडतं, आणि बाईंचा हात ताटापर्यंत पोचेस्तोवर भात गार होतो. त्या सर्किटमध्ये इलेक्ट्रोड बसवायचा उपचार डॉक्टरांनी सुचवलाय. मास्तरांना त्यावरचा मूळ लेख वाचावासा वाटला, तर त्यांनी एखाद्या विद्यापीठात पीएचडीला नाव घालावं. बाहत्तराव्या वर्षी शिकू नये असं कुठे लिहिलंय? बायको तोवर थांबेल.

काही बिघडलेल्या मंडळींपासून मात्र चार हात दूर राहा. २०२३ साली 'न्यूरोइमेज'च्या झाडून सगळ्या संपादकांनी ३,४५० डॉलरचा एपीसी जास्त होतो म्हणून राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसकडे जाऊन कमी दरात नवं नियतकालिक काढलं. 'ई-लाइफ' या नियतकालिकाने त्याच वर्षी लेख 'स्वीकारला', 'नाकारला' असं म्हणणंच बंद केलं. तपासनिसांचे शेरे छापतो, तुम्हीच वाचून ठरवा म्हणाले. वाचून ठरवा! वाचायला वेळ कुणाला आहे? पुढे त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचा इतर लेखांत किती उल्लेख होतो त्याचा आकडा) गेला, बरं झालं. फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ न्यूरॉन्सचा नकाशा तर संशोधकांनी २०२४ साली जगापुढे सरळ उघडा ठेवला. म्हापशाच्या बाजारात बसून कुणीही बघावा असा. अशाने मालाला किंमत राहते का?

सगळ्यात वाईट वळण स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांचं. १८८८ साली बार्सिलोनात या गृहस्थाने पदरचे पैसे घालून स्वतःचंच नियतकालिक काढलं, साठ प्रती छापल्या आणि बहुतेक सगळ्या परदेशातल्या विद्वानांना टपालाने पाठवून दिल्या. पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसत नाहीत, प्रत्येक सुटी दिसते, असं त्यात होतं. आज सर्किट म्हणून आपण जे काही बोलतो, ते सगळं त्या सुट्या पेशींवर उभं आहे. पण नियतकालिक घरचं, भाषा स्पॅनिश, इम्पॅक्ट फॅक्टर शून्य. १९०६ साली नोबेल मिळालं हे मान्य, पण बढतीच्या अर्जात ते कुठल्या रकान्यात भरणार?

इतके पैसे नसतील तर स्वस्तातली सोयही आहे. रोज सकाळी 'आदरणीय प्राध्यापक' म्हणून कुठल्यातरी नियतकालिकाचा मेल येतो (तुमची पीएचडी अजून व्हायची आहे, तरी येतो). अठ्ठेचाळीस तासांत तपासणी, आठवड्यात छपाई, वर कळंगुटच्या हॉटेलात परिषद आणि रात्री बुफे. तपासणीचा बाऊ करू नका. चांगल्या प्रतिष्ठित खुल्या नियतकालिकातही २०२४ साली एआयने काढलेला एक उंदीर तपासनिसांच्या नजरेखालून गेला होता. त्याचे खासगी अवयव त्याच्यापेक्षा मोठे होते आणि त्यांवरची नावं कुठल्याच भाषेतली नव्हती. लेख छापला, तीन दिवसांत मागे घेतला. तीन दिवस काही कमी नसतात, तेवढ्यात अर्ज भरून होतो.

बायो-आर्काइव्ह या संकेतस्थळावर लेखाचा मसुदा फुकट टाकता येतो आणि तो मास्तरही वाचू शकतील, असं कुणी सांगेल. खरं आहे. २०१३ पासून ते चालू आहे. पण फुकट टाकलेल्याचे बढतीत गुण किती, हे आधी आपल्या विभागातल्या कारकुनाला विचारा. तो जे तोंड करेल ते पाहून पुढचं ठरवा.

शेवटी मुलाखत. इस्त्रीचा शर्ट घाला. समिती नियतकालिकाचं नाव विचारेल, इम्पॅक्ट फॅक्टर विचारेल, लेखकांच्या यादीत तुम्ही कितवे ते बोट ठेवून मोजेल. एपीसी कुणी भरला हे विचारणार नाही, ते असभ्य दिसतं. आणि एखाद्याने चुकून विचारलंच की तुमचं हे सर्किट नेमकं करतं काय, तर गडबडून जाऊ नका. चहा येईपर्यंत वेळ काढायचा असतो त्यांना.