एनम आणि जेनेरिक्सचे हे वैर कधी संपणार?

जावात डेटाबेसमधून आलेल्या सांकेतिक कोडवरून एनममधला (म्हणजे ठरावीक नावांच्या मूल्यांच्या यादीतला) नेमका कॉन्स्टंट शोधून देणारी एकच सामायिक मेथड असावी आणि प्रत्येक एनममध्ये तेच लूप पुन्हा पुन्हा चिकटवावे लागू नये, ही अपेक्षा फार मोठी आहे का? 'टी' (जेनेरिक्समध्ये नंतर ठरणाऱ्या टाइपची जागा धरणारे नाव) हा एनम आहे, शिवाय तो आमचा इंटरफेस (ठरावीक मेथड असण्याचा करार) पाळतो, अशी दोन्ही बंधने मी स्वच्छ लिहून दिली. तरीही 'टी'कडे व्हॅल्यूज मागितल्या की जावाचा कंपायलर हात वर करतो, आणि क्लास ऑब्जेक्ट (प्रोग्रॅम चालताना टाइपची माहिती देणारी वस्तू) वेगळा पाठवणे भाग पडते.

आज तर कहर झाला. डीफॉल्ट कॉन्स्टंट हाताशी होताच, म्हणून मेथड त्याच्यावरच गेटक्लास (त्याचा क्लास सांगणारी मेथड) बोलावून बाकीचे कॉन्स्टंट मिळवत होती आणि सगळे सुरळीत चालले होते. मग कोणीतरी त्या एका कॉन्स्टंटला स्वतःची मेथड बॉडी दिली. बॉडी दिली की तो कॉन्स्टंट गुपचूप निनावी सबक्लासचा होतो, त्या सबक्लासकडे कॉन्स्टंटची यादी मागितली की नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो, आणि नल पॉइंटर एक्सेप्शन भलत्याच ओळीवर फुटते. यावर उपाय म्हणजे मूळ एनमचाच क्लास देणारी गेटडिक्लेअरिंगक्लास ही मेथड. पण कंपायलरने एका शब्दानेही सावध का करू नये?

एनम आणि जेनेरिक्स दोन्ही जावा ५ मध्ये, २००४ साली, एकदमच आले. तरी एनममॅपच्या (एनमच्या कॉन्स्टंटना की म्हणून वापरणाऱ्या की-व्हॅल्यू संग्रहाच्या) कोनी कंसात की-टाइप लिहिल्यावर कन्स्ट्रक्टरला तोच क्लास पुन्हा द्यावा लागतो. एनमलाच टाइप पॅरामीटर देऊ पाहणारा जेईपी ३०१ हा जावाच्या सुधारणेचा प्रस्ताव तर मागेच घेतला गेला. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प या भाषेचे गोडवे मला कोणी सांगू नयेत: तिथे जेनेरिक्स २००५ मध्ये आले आणि 'टी' एनमच असावा हे बंधन थेट २०१८ मध्ये, ७.३ आवृत्तीत, त्यानंतरही त्या 'टी'चे इंटमध्ये (पूर्णांकात) सरळ कास्टिंग, म्हणजे टाइपचे रूपांतर, होत नाही, उलट ९९९ हा कुठेही न नोंदलेला आकडा मात्र कोणत्याही इंट-एनममध्ये बिनबोभाट कास्ट होतो.

मला हवे आहे ते इतकेच, की सेटिंगच्या कीज एनममध्ये असाव्यात आणि प्रत्येक कीला तिच्या व्हॅल्यूचा टाइप ठाऊक असावा. आज जावात एनम ठेवला तर प्रत्येक व्हॅल्यू हाताने कास्ट करावी लागते, आणि टाइप जपण्यासाठी साधा जेनेरिक क्लास लिहिला तर स्विच आणि एनममॅप या दोहोंवर पाणी सोडावे लागते.